मुख्यभूमी आणि द्वीपप्रदेश : अंजदीव बेटाच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्राच्या भूप्रदेशाचा विचार करताना सर्वसाधारणपणे सलग मुख्यभूमीच आपल्या डोळ्यांसमोर येते व बेटांना दुय्यम स्थान मिळते. जे बेट ज्या किनाऱ्याजवळ, ते त्या राज्याचे, असाही समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. वस्तुतः भौगोलिक सान्निध्य आणि प्रशासकीय संबंध या दोन भिन्न बाबी आहेत. प्रस्तुत लेखात अंजदीव बेटाच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
अंजदीव हे कर्नाटकातील कारवारच्या किनाऱ्याजवळ आहे. परंतु त्याचा समावेश गोव्याच्या काणकोण तालुक्यात होतो. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा याने येथे किल्ला उभारला. १६६१ च्या विवाहतहान्वये मुंबई इंग्रजांना मिळाली; तथापि तेथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा नाकारल्याने अब्राहम शिपमन सैन्यासह अंजदीववर थांबला. रोगराईने अनेक सैनिक दगावले व १६६४ मध्ये शिपमनही मरण पावला. मुंबईचा ताबा इंग्रजांना १६६५ मध्ये मिळाला.

१९४७ मध्ये समोरचा किनारा स्वतंत्र झाला. बेट मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये बेटावरून भारतीय नौकांवर गोळीबार झाला. १८ डिसेंबर रोजी ‘त्रिशूल’ व ‘म्हैसूर’ या युद्धनौकांवरील नौसैनिक तेथे उतरले. या कारवाईत सात नौसैनिकांना वीरमरण आले.

वैधानिक स्थिती :
१९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव यांचा केंद्रशासित प्रदेश म्हणून राज्यघटनेत समावेश झाला. पोर्तुगीजकालीन सीमा कायम राहिल्याने अंजदीव गोव्याकडेच राहिले. याच कारणाने सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या दीवचा कारभार १९८७ पर्यंत दूरच्या पणजीशी जोडलेला होता. बेटांचे महत्त्व केवळ जमिनीपुरते नसते. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानुसार भारताचा प्रादेशिक समुद्र आधाररेषेपासून १२ सागरी मैल, तर अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत आहे. अंदमान-निकोबार व लक्षद्वीप यांच्यामुळे या क्षेत्रात फार मोठी भर पडते.

निष्कर्ष :
बेट कोणाचे, हे अंतरावरून नव्हे, तर इतिहास व कायदा यांवरून ठरते. पुढे अंजदीवचा समावेश नौदलाच्या कारवार तळात झाला आणि तेथील नागरी प्रवेशावर निर्बंध आले. संरक्षणाची निकड मान्य करूनही, बेटावरील चर्चशी श्रद्धेने जोडलेल्या भाविकांचा प्रश्न दृष्टिआड करता येत नाही. द्वीपप्रदेश शिकविताना सीमारेषेबरोबर ही माणसेही वर्गात यावयास हवीत.