पुढे आपले कोणी नसताना

दहावी-बारावीचे निकाल लागले, की गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो : "आता पुढे काय?" ज्या घरात कोणी वकील, डॉक्टर किंवा मामलेदार होऊन गेला आहे, त्या घरी या प्रश्नाचे उत्तर तयार असते. ज्या घरात तसे कोणी झालेले नाही, त्या घरचा मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बघू." या 'बघू'मध्ये आळस नसतो आणि बुद्धीही कमी नसते. पुढे गेलेले आपले माणूस दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असते. अशा मुलांनी काय करावे आणि त्यांच्या गुरुजींनी काय करावे, याचा आज विचार करू.

इंदापूर तालुक्यातील कळस आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचेच पाहा. कालव्याच्या पाण्याखाली ऊस आणि वरच्या अंगाला गवताळ माळ, असा हा मुलूख. जवळच्या कडबनवाडीच्या माळावर अजून चिंकारा हिंडतो. या माळावर मेंढरे राखणारा धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. दिवाळी झाली की काही कुटुंबे वाडा घेऊन दूर चराईला जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. शाळेचे निम्मे वर्ष त्यात जाते. या समाजाला थोर पूर्वज नाहीत असे नाही. नीराकाठच्या होळ गावावरूनच होळकर हे आडनाव आले. मल्हारराव होळकर आणि अहिल्यादेवी यांच्या तसबिरी घरोघर आहेत. तसबिरीकडे पाहून मान ताठ होते, हे खरेच. पण अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा आणि शेवटची तारीख कोणती, हे तसबीर सांगत नाही.

तेव्हा पुढे गेलेले माणूस आपल्याला नेमके देते काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते तीन गोष्टी देते. पहिली विश्वास : हे आपल्यासारख्याला जमते. दुसरी माहिती : हे कसे करायचे. तिसरी सोबत : अडचणीत पाठीशी उभे राहणारे कोणीतरी. एकाच माणसाकडून तिन्ही मिळाल्या तर फारच चांगले. पण तसे माणूस नसेल तर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करता येतात. हे नुसते बोलणे नव्हे. आपल्याच पुणे जिल्ह्यात सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे करून दाखवले आहे.

त्या माणसाचे नाव पालवणकर बाळू. चांभार समाजात जन्मलेला हा मुलगा, वडील पलटणीत नोकरीला. त्या काळी क्रिकेट म्हणजे साहेबांचा, पारशांचा आणि वरच्या जातींतल्या हिंदूंचा खेळ. अस्पृश्य मानलेल्या समाजातला मोठा खेळाडू बाळूच्या डोळ्यांपुढे एकही नव्हता. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, हे त्याचे काम. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागला. तिथे सरावासाठी साहेबांना चेंडू टाकायचे काम अंगावर आले. बॅट हाती मिळायची नाही, चेंडू मात्र शेकड्यांनी टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्याच्याच गोलंदाजीवर सराव करी. अशा चांगल्या फलंदाजाला आपण वारंवार चकवतो, हे बाळूला रोज दिसत होते. त्याचा विश्वास आला तो तिथून. यष्टी उडाली की उडाली. ती कोणी उडवली, त्याची जात कोणती, हे चेंडू विचारत नाही.

मैदानाबाहेर मात्र सगळे विचारत होते. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले, कारण त्याच्यावाचून जिंकणे कठीण होते. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा देत. तरीही १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पहिला सर्व-भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. हेही लक्षात ठेवा. एकट्याने कष्ट केले की सगळी दारे उघडतात, असे नाही. काही दारे पहिल्याच्या धक्क्याने फक्त हलतात, आणि दुसऱ्याच्या धक्क्याने उघडतात. बाळूला सोबत होती ती भावांची. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही त्याच्यामागून खेळात आले आणि नावारूपाला चढले.

आता माहितीचे पाहू. बाळू मोठा खेळाडू झाला तेव्हा भीमराव आंबेडकर विद्यार्थिदशेत होते. आपल्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या समाजातून आलेला हा खेळाडू, म्हणून त्यांना बाळूचा अभिमान होता. पण महाविद्यालयात कसे जायचे, हे क्रिकेटपटू कसे सांगणार? ती मदत दुसरीकडून आली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे त्यांच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तो याच गुरुजींनी. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर त्यांच्या जातीचे नव्हते, महाराजही नव्हते. अभिमान आपल्या माणसाचा होता, माहिती दुसऱ्याकडून मिळाली.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. राजकारणात दोघांची मते वेगळी होती. म्हणजे ज्याच्याकडून हिंमत घ्यायची, त्याचे सगळेच उचलले पाहिजे असे नाही. जे घेण्याजोगे आहे ते घ्यावे, बाकीचे ठेवावे.

आता आपल्या दारातली गोष्ट. व्यावसायिक शिक्षणात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती 'क' या गटात येतो. या गटाला साडेतीन टक्के आरक्षण आहे आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही लागतो. पडताळणी समिती २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा पाहते. बाप-आजा शाळेत गेलेला असेल, तर शाळेच्या रजिस्टरात तो सापडतो. पण आजा मेंढरांमागे होता, त्याने शाळेचे तोंडच पाहिले नाही, त्या घरी हा पुरावा कुठला? पहिल्याची अडचण म्हणतात ती ही. अशा वेळी चुलत आजा, चुलत चुलता, भाऊबंद यांच्यापैकी कोणाचे नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात आहे का, ते पाहावे. गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात, नोंद आहे का, ते तहसील कचेरीत विचारावे. हे काम निकाल लागल्यावर सुरू केले तर उशीर होतो. अकरावीतच हात घालावा.

आणि यातली चांगली बाजू ऐका. बापाच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाला पडताळणी प्रमाणपत्र मिळाले, की ते मागून येणाऱ्या भावंडांसाठी भक्कम पुरावा ठरते. पहिल्याने चार खेटे जास्त घातले तर दुसऱ्याचे कितीतरी खेटे वाचतात. वाट पडते म्हणजे काय, ते याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

अशी वाट आता पडूही लागली आहे. कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यातल्या यमगे गावचे बिरदेव डोणे हे मेंढपाळाच्या घरातले. त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला. त्यात ते ५५१ वे आले, आणि ती बातमी त्यांना मेंढरांजवळच कळली. कळसच्या पोराला आता "आपल्यातला कोणी नाही" असे म्हणण्याचे कारण उरले नाही. राहिली ती माहिती आणि सोबत.

तेवढ्यासाठी शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी, की शाळेत एक वही ठेवावी. आपल्या शाळेतून जो जो पुढे गेला, त्याने कोणता अर्ज केव्हा भरला, कोणते कागद जोडले, कुठे अडला आणि कोणी मदत केली, ते त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी महाज्योती ही शासनाची संस्था आहे. तिच्या मोफत शिकवणीची जाहिरात निघाली की ती फळ्यावर लिहावी. वाडा चराईला निघण्याआधी मुलाच्या आईबापांना बोलावून, मूल वसतिगृहात राहील की नात्यातल्या कोणाकडे, हे ठरवावे. एकाच वर्गातल्या दोघांतिघांना बरोबर अर्ज भरायला लावावे, म्हणजे तालुक्याला जाताना एकटे वाटत नाही.

आणि पालकांनो, पहिला मुलगा परीक्षेत घसरला तर "आपल्या लोकांना हे जमत नाही" असे कृपा करून म्हणू नका. दुसऱ्याचा मुलगा नापास झाला तर तो मुलगा नापास होतो. आपला झाला तर सारा समाज नापास का व्हावा? त्याला पुन्हा बसू द्या. तो पास होवो की न होवो, त्याने भरलेले अर्ज आणि जमवलेले कागद मात्र जपून ठेवा. ते धाकट्या बहिणीला लागतील.