वहीतली रेघ आणि रेणूतला बंध

दहावीत कार्बनी संयुगांचा धडा आला की वह्या ठिपक्यांनी आणि फुल्यांनी भरू लागतात. मधोमध कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन, प्रत्येक जागी इलेक्ट्रॉनांची एक जोडी, झाला मिथेन. चित्र बरोबर आले की पूर्ण गुण मिळतात. त्या चित्राने मुलाच्या मनात काय रुजवले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मला वाटते, सहसंयुज बंधाबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथेच जन्म घेतात.

पहिला समज असा की, अणूला आपले अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचे असते, म्हणून तो शेजाऱ्याशी इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो. अणूला काही हवे-नको नसते. दोन हायड्रोजन अणू जवळ आले की मधल्या जागेतल्या इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रके एकाच वेळी ओढतात आणि एकूण ऊर्जा कमी होते. अणू आणखी जवळ सरकले तर केंद्रकेच एकमेकांना दूर लोटू लागतात. हा तोल ७४ पिकोमीटर अंतरावर साधतो. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. बंध म्हणजे हा साधलेला तोल.

सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. तिच्यासोबत आलेला आठाचा नियम कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांच्यासाठी फार उपयोगी आहे, पण तो निसर्गाचा कायदा नव्हे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये संयुजा, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले, इलेक्ट्रॉन ११, म्हणून विषम. एक बिनजोडीचा राहणारच. झेनॉनचे तर अष्टक मुळातच पूर्ण. तो कोणाशी संयोग पावत नाही असे मानले जाई, ते १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार करेपर्यंत.

ठिपका एका अणूचा आणि फुली दुसऱ्याची, हीसुद्धा मोजणीची सोय आहे. बंध तयार झाल्यावर कोणता इलेक्ट्रॉन कोणाकडून आला हे सांगताच येत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज ऊर्जेचा. ‘बंधात ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते,’ हे वाक्य मी शिकलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बंध तोडायला नेहमीच ऊर्जा द्यावी लागते, आणि तो तयार होताना ती बाहेर पडते. पाइपने घरी येणाऱ्या गॅसचे उदाहरण घ्या. तो मुख्यतः मिथेन असतो. १६ ग्रॅम, म्हणजे एक मोल मिथेन जळताना कार्बन-हायड्रोजनचे चार मोल बंध आणि ऑक्सिजन रेणूंमधले दोन मोल दुहेरी बंध तुटतात. त्याचा खर्च सुमारे २६५० किलोज्यूल. मग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होताना जे नवे बंध जुळतात, त्यांतून सुमारे ३४५० किलोज्यूल मिळतात. मधले ८०० किलोज्यूल आपला चहा उकळवतात. म्हणजे उष्णता येते ती नव्या, अधिक बळकट बंधांच्या जुळणीतून. शेगडीला ठिणगी का लागते, याचेही उत्तर यातच आहे: जुने बंध मोडायची सुरुवात करायला आधी थोडी ऊर्जा द्यावी लागते.

चहाचे आधण उकळते तेव्हा पाण्याचे रेणू फुटत नाहीत, हेही लगेच सांगायला हवे. वाफेतही ऑक्सिजनला दोन हायड्रोजन चिकटलेलेच असतात. सुटते ती रेणू-रेणूंमधली पकड, आणि ती सहसंयुज बंधापेक्षा कितीतरी दुबळी असते.

आता चित्र काढण्याकडे वळू. ‘प्रत्येकाभोवती आठ ठिपके आले म्हणजे रचना बरोबर,’ या समजुतीने पुष्कळ गुण जातात. कार्बन डायऑक्साइड घ्या. कार्बनच्या दोन बाजूंना एकेक ऑक्सिजन एकेरी रेघेने जोडा आणि उरलेले ठिपके भरून तिघांचीही अष्टके पूर्ण करा. दिसायला सगळे नीट. पण मोजा: इलेक्ट्रॉन २० झाले. हाताशी आहेत कार्बनचे ४ आणि दोन ऑक्सिजनचे १२, एकूण १६. चार जास्त खर्च झाले. अशी जास्तीची प्रत्येक जोडी एक वाढीव बंध मागते. म्हणून इथे दोन बंध वाढतात आणि दोन्ही बाजूंना दुहेरी बंध येतात. म्हणून आधी बेरीज, मग रेघा, शेवटी ठिपके.

ओझोनची दोन चित्रे काढता येतात, दुहेरी बंध डावीकडे किंवा उजवीकडे. रेणू या दोन रूपांत आलटून-पालटून जात नाही. मोजमापात त्याचे दोन्ही बंध सारखेच, सुमारे १२८ पिकोमीटर लांबीचे भरतात. रेणू एकच आहे; एका चित्रात तो मावत नाही, इतकेच.

शेवटचा समज आकाराचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कागदावर मिथेन अधिकच्या चिन्हासारखा, ९० अंशांच्या कोनांत दिसतो. खऱ्या रेणूतला कोन १०९.५ अंशांचा असतो. मिथेनमधले दोन हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवा. वहीत दोन चित्रे होतात: क्लोरीन शेजारी-शेजारी, किंवा समोरासमोर. रेणू सपाट असता तर ही दोन वेगळी संयुगे मिळाली असती, पण डायक्लोरोमिथेन एकच मिळते. अशाच विचाराने १८७४ साली याकोबस व्हान्ट हॉफ या २२ वर्षांच्या डच तरुणाने मांडले की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल बेल यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक, १९०१ चे, व्हान्ट हॉफ यांनाच मिळाले.

शिक्षकांना माझी विनंती आहे. गणपतीनंतर उरलेली थोडी शाडू आणि काड्यापेटीतल्या काड्या वर्गात आणा. मुलांना शेजारच्या क्लोरीनचा आणि समोरच्या क्लोरीनचा, असे दोन्ही रेणू करायला सांगा. अट एकच, चारही काड्या एकमेकींपासून होता होईल तितक्या दूर असाव्यात. मग दोन्ही हातांत घेऊन फिरवायला सांगा. ते दोन्ही एकच निघतात.