शीड आधी उतरवावं

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर दूर. इथे राहून मी शिडाच्या नौकांच्या सफरींची वर्णनं वाचत आलो आहे. भर समुद्रातल्या वादळाचं पहिलं गणित मात्र आमच्या लग्नमांडवातही समजतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून आभाळ भरून आलं की जाणता मांडववाला आधी कापड सोडतो; खांब वाचतात. नौकेवरही वारा वाढू लागताच शीड दुमडून लहान करतात. उशीर झाला, तर तेच काम हेलकावणाऱ्या, ओल्या डेकवर जिवावर बेततं.

एकटा खलाशी असेल तर हा निर्णय आणखी कठीण होतो, कारण त्याला झोपही घ्यायची असते. दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली आणि मे २०१० मध्ये ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली.

अशा सफरीची खरी परीक्षा दक्षिण महासागरात होते. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर, तो किती वेळ वाहतो यावर आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळतं यावर ठरते. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तरीही नुसती उंच लाट नौकेखालून निघून जाते. घात करते ती फुटणारी लाट, तीही नौका आडवी सापडली तर. म्हणून अनेक खलाशी वारा पाठीशी घेतात आणि मागे जाड दोर सोडून वेग आवरतात. त्यामुळे नौका लाटेच्या उतारावरून सुसाट घसरत नाही आणि आडवी फिरत नाही.

एवढं करूनही नौका उलटू शकते. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, २१ सप्टेंबरला, अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात उलटली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या मणक्याला जबर मार बसला. पण तळाच्या जड वजनामुळे अशी नौका पुन्हा सरळ होते. ‘थुरिया’ तरंगत राहिली, म्हणूनच २४ तारखेला फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाला टॉमी जिवंत सापडले.

१९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. काही जण नौका सोडून रबरी तराफ्यांवर उतरले होते. त्यांनी सोडलेल्या बऱ्याच नौका नंतर तरंगताना सापडल्या. मला या साऱ्यातून दोन वेळा महत्त्वाच्या वाटतात: शीड उतरवायचं ते सर्वांत आधी, आणि नौका सोडायची ती सर्वांत शेवटी.