जीपची मधली पेटी : हंगामापूर्वी एकदा उघडून बघा



गळीत हंगाम जवळ आला की आपण सगळेच तयारीला लागतो. कारखान्यात मिलची बेअरिंगे, गिअर, पंप यांची कामे चालू असतात. तिकडे वस्तीवर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या दुरुस्तीला निघतात. या गडबडीत एक वाहन मात्र मागे राहते, ते म्हणजे दारातली फोर-व्हील जीप. ती रोज चालू होते, म्हणून ती चांगली आहे असे आपण धरून चालतो.

मागे एका हंगामात पहाटेच्या तोडीवर एका मजुराच्या पायाला कोयता लागला. फडाचे मालक आपले सभासद. त्यांनी लगेच जीप काढली. आदल्या रात्री पाटाचे पाणी पाणंदीत फुटलेले, चिखल गुडघाभर. त्यांनी पुढची चाके जोडायला दांडा ओढला, तशी खालून करकर झाली आणि गाडी जागीच थांबली. शेवटी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जखमीला डॉक्टरांकडे न्यावे लागले. पाय वाचला, पण दोन तास वाया गेले. नंतर पेटी उघडली तर आत वाटीभर काळा चिकटा आणि बेअरिंगचे तुकडे. मालक म्हणाले, "अहो, ऑईल तर मी दर वेळी बदलतो की!" त्यांचे खोटे नव्हते. ते इंजिनचे ऑईल बदलत होते. त्यातला थेंबही या पेटीत जात नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. म्हणून हा लेख.

ही पेटी करते काय?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालेली विलीज जीप 1947 पासून मुंबईत जोडली जाऊ लागली, आणि पुढे खेडोपाडी पोचली. तिच्या गिअरबॉक्सला लागूनच मागे ट्रान्सफर केस असते. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून या पेटीत येते, आणि तिथून दोन वाटांनी जाते. एक शाफ्ट मागच्या चाकांना, दुसरा पुढच्या चाकांना. जुन्या जीपमध्ये तिचे दोन छोटे दांडे असतात. एक पुढची चाके जोडतो, दुसरा 'लो' गिअर टाकतो. विलीजच्या पेटीत लो टाकल्यावर चाकांची ओढ सुमारे अडीच पट होते. भरली ट्रॉली चिखलातून निघते ती या जोरावर. हा सगळा भार पेटीतले दातेरी चाक झेलते, आणि त्याला आधार फक्त तळाच्या वंगणाचा.

तेल कोणते, किती?

जुन्या जीपच्या पेटीत 90 नंबरचे गिअर ऑईल चालते, आणि ते साधारण दीड लिटरला थोडे कमी बसते. इंजिन ऑईल, हायड्रॉलिक ऑईल किंवा डब्यात उरलेले काहीही यात ओतू नये. काही नव्या गाड्यांच्या पेटीत गिअरऐवजी साखळी असते, आणि तिला ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल लागते. तिथे 90 नंबर टाकले तर तोटाच. म्हणून गाडीसोबत आलेले पुस्तक आधी काढा. पुस्तक हरवले असेल तर गाडीचे मॉडेल सांगून विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. अंदाजाने तेल घेऊ नका.

काम कसे करावे?

1. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. कोमट तेल लवकर उतरते आणि तळाची घाण सोबत आणते. मग गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद करा. उतारावर पातळी खोटी दिसते.

2. चारही चाकांना पुढून-मागून उटी लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो या पेटीच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. वर्कशॉपच्या खड्ड्यावर काम करणे सर्वांत बरे.

3. पेटीला दोन प्लग असतात. बाजूचा वरचा भरण्याचा, तळाचा सोडण्याचा. आधी वरचा उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून मोकळे झाला असाल, तर भरायला वाट नाही आणि गाडी हलवताही येत नाही. असे फजितीचे प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. प्लगभोवतीची माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर तीच आत पडते.

4. खाली पसरट भांडे ठेवून तळाचा प्लग काढा. आलेले तेल बोटावर घेऊन बघा. काळे पण गुळगुळीत असेल तर ते नेहमीचे. दुधाळ, चहासारखे असेल तर आत पाणी गेले आहे. ओढा-पाट ओलांडणाऱ्या गाडीत हे हमखास सापडते. अगदी बारीक चकाकी असेल तर झीज समजा. मात्र धातूचे कण नखाला लागत असतील तर तेल बदलून भागणार नाही, पेटी उघडावीच लागेल.

5. तेल पूर्ण निथळू द्या. प्लग पुसून आधी हाताने आटे धरा, मग पान्याने आवळा. आडवे आटे चढले तर पेटीचे भोक खराब होते.

6. वरच्या भोकातून नळी व नरसाळे लावून किंवा हातपंपाने नवे तेल सोडा. भोकाच्या कडेला आले आणि बाहेर ओघळू लागले की थांबा. ओघळ थांबल्यावर प्लग लावा. हीच बरोबर पातळी. "थोडे जास्त असलेले बरे" हा हिशेब इथे चुकतो. जास्त तेल फेसाळते, सील फोडून बाहेर येते, आणि जुन्या जीपमध्ये हँडब्रेकच्या लायनरवर जाऊन ब्रेक धरेनासा होतो.

7. तेल दुधाळ निघाले असेल तर नवे भरून थोडी गाडी चालवा, पुन्हा सोडा आणि परत भरा. वरची हवा खेळण्याची वाट चिखलाने बुजली असेल तर तीही मोकळी करा.

आणखी दोन गोष्टी

जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ही पेटी यांच्यामधले सील झिजले की एकीचे तेल दुसरीत उतरते. एकीकडे पातळी वाढलेली आणि दुसरीकडे कमी, असे दिसले तर हेच कारण. म्हणून दोन्ही प्लग एकाच वेळी तपासावेत.

दुसरे, डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून गाडी चालवू नये. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या रस्त्यावर तो निघत नाही, आणि सगळा पीळ या पेटीवर बसतो. दांडा अडकला तर हातोडी घेऊ नका. गाडी सरळ थोडी मागे घ्या, पीळ सुटतो.

काढलेले तेल पाटात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. डब्यात भरून, असे तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

बंधूंनो, हे काम तासाभराचे आणि दीड लिटर तेलाचे आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि हंगाम संपल्यावर चिखलपाणी खाऊन झालेल्या गाडीचे पुन्हा एकदा, एवढे केले तरी पुरे. आपल्या फडावर परगावची माणसे लेकराबाळांसह राबतात. त्यांच्यावर किंवा आपल्या घरावर वेळ आली, तर दारातली गाडी निघाली पाहिजे. ती निघेल की नाही, हे आज प्लग उघडून बघितले तर आजच कळेल.