जुन्या भिंगांची नवी वहिवाट

फिल्मच्या अमदानीत तालुक्याच्या गावी ज्याला फोटो स्टुडिओ थाटावयाचा असे, त्याच्या भांडवलाचा मोठा हिस्सा भिंगांत गुंतलेला असे. आणि शहापूर-मुरबाडकडील लग्नांचे, शाळांच्या निरोपसमारंभांचे, नातवंडांनी भिंतीवर लावून ठेवलेल्या आजी-आजोबांचे फोटो ज्या पेंटॅक्स, यशिका, झेनिटसारख्या कॅमेऱ्यांनी काढले, ते कॅमेरे फिल्म दुर्मिळ होताच कपाटाच्या खालच्या खणात गेले, तेव्हा त्यांच्या तोंडावरील भिंगेही त्यांच्यासोबत अडगळीत पडली. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे अपरिहार्य होते. भिंगाच्या बाबतीत मात्र तो अन्याय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. कापडी शटर विटते, प्रकाशमापक मंद होतो. परंतु काचेतून जाताना प्रकाश ज्या नियमाने वळतो तो नियम १९६० साली होता तोच आज आहे, आणि नीट राखलेले भिंग त्या नियमाबरहुकूम आजही आपले काम करते.

या भिंगांत सहज सापडणारे एक नाव हेलिओस ४४-२ हे होय. ५८ मिलिमीटर नाभीय अंतराचे आणि एफ-२ इतके उघडणारे हे सोव्हिएत भिंग येना येथील त्साइस कारखान्याच्या बायोटार या भिंगाच्या आराखड्यावरून बनले, आणि त्या आराखड्याचे कूळ पॉल रुडॉल्फ याने १८९६ साली सिद्ध केलेल्या प्लॅनारपर्यंत मागे नेता येते. मध्ये छिद्र आणि त्याच्या दोन्ही अंगांस जवळजवळ समरूप मांडलेल्या काचा, ही ती रचना. आजही ५० मिलिमीटरची पुष्कळ भिंगे याच घराण्यात मोडतात. हेलिओसमध्ये सहा काचा चार गटांत बसविलेल्या असतात, म्हणजे प्रकाशाला काच व हवा यांच्या आठ सीमा ओलांडाव्या लागतात. आणि लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्साइसमधील आलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली शोधून काढलेल्या परावर्तनरोधक लेपाचे महत्त्व कळून येते. त्या लेपावाचून चतुर्थांशाहून अधिक प्रकाश फिल्मपर्यंत नीट पोहोचलाच नसता.

आता मुख्य प्रश्न, हे भिंग आजच्या कॅमेऱ्यास जोडावयाचे कसे. भिंगाच्या बुडापासून फिल्म किंवा सेन्सर किती अंतरावर असावा, हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते कायम केलेले असते, आणि त्या अंतरात एका मिलिमीटरचीही तफावत चालत नाही. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्याचा जो एम-४२ माउंट झेनिटला व जुन्या पेंटॅक्सला होता, त्याचे हे अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यांचे ४४, निकॉनच्या एफ माउंटचे ४६.५, तर सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्याचे अवघे १८. भिंगाचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतराहून अधिक असेल तर मधली उणीव एका पोकळ धातूच्या रिंगने भरून निघते, आणि त्या रिंगेत काच नसल्याने तिची किंमतही काही शेकड्यांच्या हद्दीतच राहते. उलटपक्षी निकॉनच्या डीएसएलआरवर हेच एम-४२ भिंग चढविले, तर ते सेन्सरपासून आवश्यकतेहून दूर पडते, आणि मग हाताशी असलेले सोनकीचे फूल लख्ख दिसत असताना पाठीमागील माहुलीचे सुळके भिंगाची कडी कितीही फिरविली तरी स्पष्ट होत नाहीत. मधे जादा काच असलेल्या रिंगा मिळतात, परंतु त्या हलक्या काचेने मूळ भिंगाचे गुण बिघडतात, म्हणून मी त्या घेण्याचा सल्ला कोणासही देत नाही. निकॉनवाल्याने निकॉनचेच जुने भिंग शोधावे. विशेष असे की कॅननची स्वतःची जुनी एफडी भिंगे, ज्यांचे अंतर ४२ आहे, ती कॅननच्याच डीएसएलआरवर याच कारणाने चालत नाहीत, आणि परक्या घरची रशियन व जपानी भिंगे मात्र बिनतक्रार चालतात. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे हे अंतर इतके कमी झाले, की त्याच्यापुढे जवळजवळ सर्वच जुनी भिंगे बेलाशक उभी राहू शकतात.

कॅमेऱ्याच्या यादीतील ‘लेन्सविना शटर’ हा पर्याय चालू केला, छिद्र हाताने ठरविले, शटरची गती कॅमेऱ्यावर सोपविली, की प्रकाशाची बाजू सुटते. उरतो फोकस, आणि तो सर्वस्वी आपल्या बोटांकडे येतो. मिररलेसच्या पडद्यावर स्पष्ट झालेल्या कडा रंगीत होऊन दिसतात, चित्र मोठे करून खातरजमाही करता येते.

हेलिओसची ख्याती आहे ती पार्श्वभूमीतील भोवऱ्यासारख्या अस्पष्टतेमुळे, आणि तरुण मंडळी बहुधा तेवढ्याच लोभाने ते घेतात. वस्तुतः तो परिणाम चौकटीच्या कडांवर उमटतो, कारण तिथे तिरपा येणारा प्रकाश भिंगाच्या नळीवर अडून प्रकाशाची वर्तुळे पानासारखी चिंचोळी होतात. आणि स्वस्त कॅमेऱ्यांतील लहान सेन्सर नेमक्या त्या कडाच गाळून टाकतो. मला या भिंगांचे खरे मोल आमच्या डोंगरउतारांवर जाणवते. भाद्रपदात माळशेजच्या वाटेवर तेरडा फुलतो, सात वर्षांनी एकदा कारवी बहरते; त्या वेळी ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरची पोकळ नळी घातली की फूल सेन्सरवर अर्ध्या आकाराचे उमटते, आणि या नळीला महागड्या मॅक्रो भिंगाच्या मानाने नगण्य पैसे पडतात.

परंतु ज्या पावसाने ही फुले येतात तोच पाऊस भिंगांचा वैरी आहे. आपल्याकडे ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत हवा ओलसर राहते, आणि बंद कपाटात, विशेषतः चामड्याच्या पेटीत, काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. त्यांतून पाझरणारी आम्ले लेप खातात, आणि पुढे काचेवरही ओरखडे कोरतात, मग पुसूनही डाग जात नाही. म्हणून आसनगावहून लोकलने, किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठून, जो कोणी फोर्टातील बोराबाजारात जुने भिंग पाहावयास जाईल, त्याने छिद्र पूर्ण उघडून मागल्या बाजूने विजेरीचा झोत टाकावा आणि पुढून तिरप्या नजरेने पाहावे. छिद्राची पाती तेलकट नाहीत ना आणि फोकसची कडी अडत नाही ना, हेही तपासावे. घरी आणल्यावर हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल व छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखली म्हणजे पावसाळा निभावतो. जुन्या सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ-१.४ भिंगातील काच पिवळसर दिसली तर ती बुरशी नव्हे. त्या काचेत थोरियम आहे, आणि काही आठवडे उन्हात ठेवल्याने पिवळेपणा बराचसा उतरतो.

लग्नाच्या हॉलमध्ये पैसे घेऊन फोटो काढावयाचे असतील तर मी स्वयंचलित फोकसचीच शिफारस करीन. तेथे एक क्षण हुकला की यजमानाचा बोल लागतो. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत मात्र हिशेब निराळा आहे. बैलबाजाराच्या धुळीत, घोंगड्यांच्या दुकानांपुढील गर्दीत, माणसे-जनावरे एकमेकांआड येत असताना स्वयंचलित फोकस पुष्कळदा भलत्याच गोष्टीवर स्थिरावतो. जुन्या भिंगाच्या नळीवर अंतराचे आकडे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस छिद्रानुसार खुणा कोरलेल्या असतात. २८ मिलिमीटरचे भिंग एफ-११ वर ठेवून कडी साडेतीन मीटरांवर आणली, तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यातही सुमारे पावणेदोन मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते, आणि मग फोकसला हातही न लावता फोटो घेता येतो. एवढेच लक्षात ठेवावे, की त्या खुणा ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने कोरलेल्या आहेत. लहान सेन्सर असेल तर छिद्र एफ-११ असताना एफ-८ च्या खुणा प्रमाण मानाव्यात.