दोनशे तास आणि एक कोटी

१९४९ च्या जानेवारीअखेरीस नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री वर्दळ सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमानं रात्री तिथे उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या सुमारास विमानं आपापल्या शहरी परतलेली असत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जाई. ही रात्रीची टपालसेवा चालवणाऱ्या वैमानिकांच्या हाताशी आजच्यासारखा रडार नव्हता, उपग्रह नव्हते. जमिनीवरून येणारे रेडिओ संकेत, घड्याळ, होकायंत्र आणि हवामानाचा जुजबी अंदाज एवढ्यावर पावसाळ्यातसुद्धा सातपुड्याच्या अंधारातून डाकोटा विमानं नेली जात.

या माणसांची पात्रता कोणी आणि कशी ठरवली होती? त्या पिढीतल्या अनेकांची शिदोरी होती युद्धकाळात झालेली उड्डाणं आणि लॉगबुकातले तास. बारावीत भौतिकशास्त्र होतं का, हे कोणी विचारलं नाही. तेव्हापासून आजवर वैमानिकाकडून काय मागितलं गेलं, ते का बदलत गेलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहायला हवं. नियमांची पुस्तकं जाडजूड झाली, उड्डाण अधिक सुरक्षित झालं, हे मला मान्य आहे. पण याच काळात कुठल्याही नियमात न लिहिलेली एक अट सगळ्या अटींच्या वर जाऊन बसली, आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

आरंभी विमान चालवणं हा हौशी आणि सधन माणसांचा प्रांत होता. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा परवाना क्रमांक १ मिळाला. उड्डाण ते जुहूला, बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकले होते. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन ते स्वतः पस मॉथ उडवत आले, आणि हौसेचा धंदा झाला. युद्ध संपल्यावर डाकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली, तशा कंपन्याही भराभर निघाल्या. त्यातल्या बऱ्याच तोट्यात गेल्या. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं; आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेले.

पुढची चार दशकं वैमानिकाच्या नोकरीची वाट ठरलेली होती. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या फ्लाइंग क्लबात तास जमवायचे, परवाना काढायचा आणि दोन सरकारी कंपन्यांपैकी एकीची जाहिरात कधी येते याची वाट पाहायची. निवड झाली की कंपनीच्या खर्चाने मोठ्या विमानाचं शिक्षण होई; इंडियन एअरलाइन्सचं प्रशिक्षण केंद्र हैदराबादला होतं. मग सीनिऑरिटीच्या यादीत नाव लागे. को-पायलटचा कमांडर व्हायला दहा वर्षंही लागत. या संथपणाला लोक वैतागत, आणि ते खरंच होतं. पण डाव्या खुर्चीत बसण्याआधीची ती वर्षं उमेदवारीची होती. निरनिराळ्या कमांडरांशेजारी बसून कोण कुठे माघार घेतो, कोण वादळाला वळसा घालतो, कोण उगाच पुढे रेटतो, हे माणूस पाहून ठेवत असे. त्याची नोंद कुठल्याही लॉगबुकात होत नाही.

याच काळात कॉकपिटमधली माणसं कमी होत गेली. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. तसल्या कॉन्स्टेलेशन विमानात वैमानिकांखेरीज नेव्हिगेटर, रेडिओ ऑफिसर आणि फ्लाइट इंजिनिअर असत. जेट युग आलं तसा रेडिओ ऑफिसर गेला, मग नेव्हिगेटर गेला. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे ए-३२० आलं, त्यात फ्लाइट इंजिनिअरची जागाच नव्हती. या तिघांचं काम नाहीसं झालं नाही. ते यंत्रांकडे आणि उरलेल्या दोन वैमानिकांकडे आलं, आणि हाताने विमान उडवण्याइतकंच यंत्रावर लक्ष ठेवणं हे कौशल्य ठरलं.

बायकांना या खुर्चीपर्यंत पोचायला जो वेळ लागला त्याचा पात्रतेशी काही संबंध नव्हता. प्रेम माथुर यांच्याकडे परवाना असूनही अनेक कंपन्यांनी त्यांना नाकारलं. १९४७ मध्ये डेक्कन एअरवेजने घेतलं. इंडियन एअरलाइन्समध्ये दुर्बा बॅनर्जी १९६६ मध्ये आल्या. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता-सिलचर मार्गावर फॉकर फ्रेंडशिप नेलं, तेव्हा सर्व कर्मचारी स्त्रिया असलेलं ते देशातलं पहिलं प्रवासी उड्डाण होतं. आज जगभरातल्या वैमानिकांत स्त्रिया पाच टक्क्यांच्या आसपास आहेत आणि भारतात पंधरा टक्क्यांच्या आसपास. या क्षेत्रात आपण जगाच्या पुढे आहोत, असं निर्विवाद म्हणता येईल अशी ही एक गोष्ट.

नव्वदीत आकाश खुलं झालं. ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट, सहारा अशा खासगी कंपन्या आल्या, आणि सरकारी कंपन्यांतले अनुभवी कमांडर दुप्पट-तिप्पट पगारावर तिकडे गेले. घाईने माणसं तयार करण्याचा हा पहिला काळ. ८ मार्च १९९४ रोजी दिल्लीला सहाराचं बोइंग ७३७ सरावासाठी उडत होतं. शिकाऊ वैमानिकांना एक इंजिन बंद पडल्यावर विमान कसं सावरायचं हे खऱ्या विमानातच, धावपट्टीला टेकून पुन्हा उडता उडता शिकवलं जात होतं. चुकीच्या बाजूचा रडर दाबला गेला, विमान कलंडलं आणि उभ्या असलेल्या एका रशियन विमानावर जाऊन आदळलं. नऊ जण गेले. हा धडा आज सिम्युलेटरमध्ये देतात. तिथे चूक झाली की प्रशिक्षक चित्र थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी, हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली. वर चढणाऱ्या सौदी विमानाला चौदा हजार फुटांची मर्यादा होती, खाली येणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजारांची. कझाक विमानात दिल्लीच्या नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं, आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला आकडा पाहावा लागे. विमान पंधरा हजारांच्या खाली कधी गेलं हे त्या कॉकपिटमध्ये वेळेवर कळलं नाही. यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना धडक टाळणारं उपकरण सक्तीचं झालं. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकाच्या इंग्रजीला सहा पायऱ्या लावल्या आणि २००८ पासून किमान चौथी पायरी आवश्यक ठरवली. परवान्यावरच्या ‘लेव्हल ४’ या दोन शब्दांमागे चरखी दादरीसारखे अपघात आहेत. नव्या मुलांना तो फक्त एक शिक्का वाटू नये.

२००३ मध्ये एअर डेक्कन, मग स्पाइसजेट, इंडिगो. स्वस्त तिकिटांनी प्रवासी वाढले आणि कमांडर कमी पडू लागले. परदेशी वैमानिक बोलावले गेले. राजीनामा देऊन लगेच निघून जाऊ नये म्हणून २००५ मध्ये सहा महिन्यांची नोटीस आली. २०१७ मध्ये कमांडरांसाठी ती वर्षाची झाली. ‘पायलट झालास की पहिल्याच वर्षी लाखात पगार’ हे वाक्य तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं. बारामती, धुळे आणि गोंदियाजवळच्या बिरसीत विद्यार्थ्यांची विमानं घिरट्या घालू लागली. व्यावसायिक परवान्यासाठी पूर्वी अडीचशे तास लागत, पुढे ते दोनशे झाले. आणि जिथे तासांना पैशाचं मोल येतं तिथे खोटे तास विकणाराही येतो.

जानेवारी २०११ मध्ये गोव्यात दाबोळीला एक विमान मागच्या चाकांऐवजी नाकाच्या चाकावर आधी टेकलं. प्रवासी सुखरूप उतरले. चौकशीत कमांडरची आधीची उतरणी तपासली गेली, मग कागदपत्रं, आणि वरच्या दर्जाच्या परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिका बनावट निघाली. पाठोपाठ आणखी अशी प्रकरणं बाहेर आली. राजस्थानात न केलेल्या उड्डाणांचे तास लॉगबुकात चढवल्याचं दिसलं. वैमानिकांबरोबर परवाने देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातल्या माणसांनाही अटक झाली. सगळ्या वरिष्ठ परवान्यांची फेरतपासणी झाली, पुढे परीक्षा संगणकावर आल्या. खोटी गुणपत्रिका सापडली ती परीक्षा विभागात नव्हे, धावपट्टीवर, ही बाब मला आजही अस्वस्थ करते.

खरे तास तरी कशाची हमी देतात? २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ जण गेले, आठ वाचले. कमांडरकडे दहा हजारांहून अधिक तास होते. रात्रीच्या त्या प्रवासात ते दीड तासाहून अधिक झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात त्यांचं घोरणं ऐकू आलं. जागे झाल्यावर उतरण सुरू झाली ती ठरलेल्यापेक्षा बऱ्याच वरून. शेजारच्या को-पायलटने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला, असं एकदा नव्हे तर वारंवार सांगितलं. ऐकलं गेलं नाही, आणि त्याने कंट्रोल हातात घेतले नाहीत. अनुभव, ज्येष्ठतेचा दबदबा आणि झोपेतून उठलेल्या मेंदूचा जडपणा हे तिन्ही त्या एका खुर्चीत होते. कनिष्ठाने ठामपणे बोलावं आणि वरिष्ठाने ते ऐकावं, हे आता रीतसर शिकवलं जातं, आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली वैमानिकांच्या शिक्षणातली ती सर्वांत मोठी भर आहे.

अमेरिकेने उलट बाजूने जाऊन पाहिलं. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून पन्नास जण गेले. २०१३ पासून तिथे को-पायलटलाही पंधराशे तासांची अट आली. त्या विमानातल्या दोघांकडेही पंधराशेहून अधिक तास होते. तास मोजता येतात म्हणून नियम तासांभोवती फिरतात. निर्णयशक्ती मोजायचं साधन अजून कोणाकडे नाही.

थकव्याचा नियम तर फारच उशिरा आला. महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत वाढवली, रात्रीच्या उतरणी सहावरून दोनवर आणल्या. अंमलबजावणी लांबत लांबत २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे पुरेशी माणसं नसल्याने हजारो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारने तिला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. जवळजवळ दोन वर्षांची पूर्वसूचना मिळूनही भरती झाली नाही, आणि सूट मिळाली ती मात्र कंपनीला. वैमानिकांच्या संघटनांनी यावर घेतलेला आक्षेप रास्त होता.

आता त्या न लिहिलेल्या अटीकडे येतो. नव्वदीच्या मध्यापर्यंत परवान्यासाठी दहावी पुरत असे. मग बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं असं ठरलं. २०२५ मध्ये महासंचालनालयानेच कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना दार उघडावं अशी शिफारस केली. मला ती पटते. कॉमर्सची कितीतरी मुलं आजही मुक्त विद्यालयातून ते दोन विषय देऊन येतात. हवामान, नेव्हिगेशन, विमानाचं तंत्र यांच्या परीक्षा पुढे द्याव्या लागतातच, आणि त्या बारावीच्या पेपरपेक्षा कामाच्या आहेत. पण शाखेची अट गेली तरी रांग फारशी बदलणार नाही, कारण न लिहिलेली अट पैशाची आहे. परवान्याला पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो, टाइप रेटिंगचे, म्हणजे विशिष्ट मोठं विमान चालवण्याच्या शिक्षणाचे, वेगळे वीसेक लाख; कंपन्यांच्या कॅडेट योजनांत बेरीज एक कोटीच्या घरात जाते. एकेकाळी कंपनी करत असलेला हा खर्च आता उमेदवार करतो, तोही नोकरीची हमी नसताना. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, एप्रिल २०१९ मध्ये जेट. दोन्ही वेळी अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले आणि हजारो नवे परवानाधारक त्यांच्या मागे उभे राहिले. त्यातल्या काहींनी कॉल सेंटरमध्ये काम करून हप्ते फेडले.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. म्हणजे घर किंवा शेत गहाण. अमरावतीत बेलोऱ्याला एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारते आहे. विदर्भाला तिचा आनंद आहे आणि असायलाच हवा. त्या १८० जागांपैकी निदान काही तरी कंपनीच्या खर्चाने, पगारातून फेड आणि ठरावीक वर्षांची सेवा या अटीवर भराव्यात. इंडियन एअरलाइन्स मोठ्या विमानाचं शिक्षण स्वतःच्या पैशाने देत होती, तेव्हा देश आजच्यापेक्षा गरीब होता.