सिझेरियन ठरले आहे? तयारी घरच्यांचीही हवी

भिलाईत पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतल्या सुनेचे माहेर दूर असते. म्हणून सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय असो वा दुसरे एखादे, सिझेरियनची तारीख मिळाली की मदतीला येणाऱ्या आईचे तिकीटही लगेच काढावे, तेही दीड महिन्याच्या हिशेबाने.

अडचण नसेल तर ही शस्त्रक्रिया सहसा ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. आधी सहा ते आठ तास काही खायचे नसते. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. आई जागीच असते. बाळ काही मिनिटांत बाहेर येते, टाके घालायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो. शक्य तर पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजावे.

खरी परीक्षा पुढे असते. ‘पाणी पिऊ नकोस, टाके पिकतील, उठू नकोस,’ असे वडीलधारी मंडळी मायेने सांगतात. पण पाणी तोडल्याने बद्धकोष्ठता वाढते आणि पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. डॉक्टरांनी सांगताच, बहुधा २४ तासांच्या आत, आधार घेऊन चालावे. खोकताना पोटावर उशी धरावी. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, पाण्याची बादलीसुद्धा!

ताप, टाक्यांतून पू, जास्त रक्तस्राव, पोटरीत सूज किंवा धाप जाणवली तर लगेच रुग्णालय गाठा.

‘कळा न सोसता सुटली’ असे तिला कुणी म्हणू नये. तिचे बाळंतपण आणि ऑपरेशन, दोन्ही एकाच दिवशी झालेले असते.